चेतक नेमकी कोणाची? परवाना, प्रतीक्षायादी आणि गल्लीतला मिस्त्री

बजाज चेतकविषयी आजवर जे लिहिले गेले, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक स्मरणरंजनाचा : बाबांची स्कूटर, पुढे उभा मुलगा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई. दुसरा अर्थशास्त्राचा : परवानाराजने ग्राहकाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले, उदारीकरण आले, चेतक संपली. दोन्हींत तथ्य आहे. परंतु दोन्ही कथनांत स्कूटर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की इतिहास थांबतो. माझ्या मते चेतकचा भारतीय इतिहास त्या फाटकाबाहेर सुरू होतो. या दीर्घ थ्रेडमध्ये तेच मांडायचे आहे.

आधी जन्मकथा, कारण तीही बहुधा अर्धवट सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात पियाज्यो ही इटालियन कंपनी विमाने बांधत असे. तिचा पोंतेदेरा येथील कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमाने कोण घेणार? एन्रिको पियाज्यो यांनी स्वस्त वाहनाचे काम कोर्रादीनो दास्कानियो या अभियंत्याकडे सोपवले. हा गृहस्थ हेलिकॉप्टरचा जाणकार, आणि मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांना लागते, चाक पंक्चर झाले की ते काढणे जिकिरीचे, आणि बसताना टांग टाकावी लागते. या प्रत्येक तक्रारीचे उत्तर म्हणजे १९४६ ची व्हेस्पा. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी.

उत्तरे पाहा. साखळीच काढून टाकली. इंजिन आणि गिअरपेटी थेट मागच्या चाकाला जोडली. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले, त्यामुळे मोटारीसारखे नट सोडवले की चाक हातात. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याचे अंगच सांगाडा झाले. गिअर पायातून काढून डाव्या मुठीत आणला. पुढे पायांसमोर ढाल, मध्ये मोकळी जागा. म्हणून धोतर, पायजमा, साडी नेसलेल्या माणसाला त्यावर बसणे सोपे गेले. दास्कानियोच्या डोळ्यांसमोर साडी असण्याचा संभव नाही, तरी भारतात हे वाहन ज्या सहजतेने रुजले त्याचे निम्मे श्रेय मी या मोकळ्या जागेला देतो.

आता आपल्याकडे येऊ. १९४५ मध्ये स्थापन झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही बजाज ऑटोची पूर्वज. बच्छराज हे वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या दत्तक आजोबांचे नाव. जमनालाल हे गांधीजींचे निकटवर्ती आणि अनेक वर्षे काँग्रेसचे कोषाध्यक्ष. ज्या काँग्रेसने १९३६ मध्ये आपल्या खानदेशात, फैजपुरास, पहिले ग्रामीण अधिवेशन भरवले, तिच्या स्वदेशीच्या विचारात हे घराणे वाढले. आणि त्याच घराण्याच्या कंपनीने १९४८ पासून परदेशी दुचाक्या-तीनचाक्या आयात करून विकल्या, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला आणि पियाज्योच्या तांत्रिक सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बांधायला घेतली. यात मला विसंगती दिसत नाही. नवस्वतंत्र देशाला तंत्रज्ञान कोठून तरी शिकावेच लागते. विसंगती आहे ती नंतरच्या अभिमानगीतांत, जी हा इटालियन पूर्वार्ध गाळून टाकतात.

पियाज्योशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, चेतक आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे, शरीर बव्हंशी व्हेस्पा स्प्रिंटचे. इंजिन दोन-स्ट्रोक, सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि दट्ट्याची धावही ५७ मिलिमीटर. हिशेब केला तर १४५.४५ घनसेंटिमीटर येतात. चार गिअर, दहा इंची चाके. चाकाची रिम दोन भागांची, नटांनी जोडलेली. टायर बदलायला पहारीसारखी हत्यारे लागत नाहीत.

दोन-स्ट्रोक इंजिनाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. चार-स्ट्रोक इंजिनात झडपा, त्यांना हलवणारा कॅम, तेलाची वेगळी व्यवस्था असते. दोन-स्ट्रोकमध्ये यातले काहीच नाही. सिलिंडरच्या भिंतीत भोके असतात, आणि दट्ट्या वरखाली जाताना तीच झाकतो व उघडतो. वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचे. म्हणजे बिघडण्याजोगे भाग फारच थोडे. त्याची किंमतही आहे. तेल जळते, निळसर धूर निघतो, आणि ताज्या मिश्रणाचा काही अंश न जळताच धुराड्यातून निसटतो. इंजिन उजव्या अंगाला असल्याने गाडीचा तोल किंचित त्या बाजूला. सकाळी गाडी तिरकी करून मग किक मारण्याचा जो विधी घरोघरी चाले, त्याला कोणत्याही माहितीपुस्तिकेचा आधार नसावा, पण श्रद्धा पक्की होती.

आता परवान्याकडे. किती स्कूटरी बनवायच्या हे सरकार ठरवी. कोणाला, कोणत्या क्रमाने विकायच्या, यासाठी १९६० पासून स्वतंत्र नियंत्रण आदेश होता. टपाल खात्याच्या बचत बँकेत अनामत ठेवायची, पासबुक विक्रेत्याच्या नावे तारण द्यायचे आणि नंबर लावायचा. सरकारी नोकरांसाठी कोटा वेगळा, आणि परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला रांग जवळजवळ माफ. प्रतीक्षा दहा-दहा वर्षांपर्यंत लांबे. साहजिकच नवी गाडी हाती आली त्याच दिवशी ती छापील किमतीहून अधिक दामाने विकता येई.

राहुल बजाज १९६८ पासून कंपनीचे प्रमुख. मंजूर क्षमतेपेक्षा जास्त उत्पादन केले म्हणून तुरुंगात जावे लागले तरी बेहत्तर, अशी त्यांची त्या काळातील भूमिका प्रसिद्ध आहे. तेच राहुल बजाज १९९३ मध्ये ‘बॉम्बे क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगपतींत होते, जे परदेशी कंपन्यांशी स्पर्धेसाठी समान संधी मागत होते. लोक यावरून त्यांना दुटप्पी ठरवतात. मला तसे वाटत नाही. परवाना ही बेडीही होती आणि ढालही. जोवर ढाल आहे तोवर बेडी टोचते, आणि ढाल गेली की तिची किंमत कळते. प्रश्न उद्योगपतीच्या नियतीचा नाही. रांग लावणाऱ्याला या दोहोंपैकी काय मिळाले, हा प्रश्न आहे.

स्पर्धा नव्हतीच असेही नाही. लॅम्ब्रेटा मुंबईत बनत होती, आणि तिची इटलीतील यंत्रसामग्री सरकारने विकत घेऊन लखनौला नेली. साताऱ्यात १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली व तिची ‘प्रिया’ रस्त्यावर आली. पण त्या कंपनीत बजाजचाच भाग होता. १९८० च्या दशकात कानपूरच्या एलएमएलने पियाज्योशीच हात मिळवला. याच दशकात कायनेटिक होंडा आली, जिला ना गिअर, ना किकेची सक्ती. तरीही चेतक मूलतः तशीच राहिली. तीस वर्षांत आरेखन बदलले नाही म्हणून टीकाकार तिला मृतप्राय तंत्रज्ञान म्हणतात.

इथे माझा मतभेद आहे. कंपनीच्या दृष्टीने तो आळस असेल. जळगाव, धुळे, भुसावळसारख्या गावांच्या दृष्टीने तेच न बदलणे उपयोगाचे ठरले. १९७५ च्या गाडीचा भाग १९९५ च्या गाडीत बसवता येणे म्हणजे काय, याचा विचार करा. क्लचची केबल, प्लग, पॉइंट, ब्रेकचे लायनर कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळत. बजाजच्या रिक्षाचे इंजिनही याच कुळातले, त्यामुळे रिक्षा उघडणाऱ्या मिस्त्रीला स्कूटर नवी नसे. एकदा शिकलेली विद्या आयुष्यभर पुरे. हेडवरचा कार्बन खरवडणे, बोअर करून मोठा पिस्टन टाकणे, पत्रा ठोकून पुन्हा रंगवणे, या साऱ्यासाठी कंपनीची परवानगी लागत नव्हती. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकालाही गाडी परवडली. नव्या गाडीची रांग सरकारने ठरवली. जुन्या गाडीचे आयुष्य मिस्त्रीने ठरवले. स्वदेशी म्हणायचेच असेल तर ते या दुसऱ्या अर्थाने म्हणावे.

मी राहतो ते पिंप्राळा आज जळगाव शहराचा भाग आहे, पण जुन्या दस्तांत अजून ‘पिंप्राळा शिवार’ असाच उल्लेख येतो. शेतांचे प्लॉट पडले आणि शिक्षक, कारकून, रेल्वेतले नोकरदार तेथे घरे बांधू लागले, ते कामावर कशाने जात होते? सायकलने, शहर बसने आणि हळूहळू स्कूटरने. उपनगरांचा इतिहास लिहिताना आपण बिल्डर, नगरपालिका आणि पाण्याच्या टाक्या मोजतो. डिकीत डबा, हँडलला पिशवी आणि पुढे गॅसचे सिलिंडर घेऊन केलेल्या खेपा मोजत नाही. स्कूटरने कुटुंबाला शहराच्या कडेला राहण्याची मुभा दिली, असे माझे अनुमान आहे. ते सिद्ध करायला मात्र कंपनीचे अहवाल पुरणार नाहीत.

शेवट थोडक्यात. शंभर सीसीच्या मोटरसायकली कमी पेट्रोलमध्ये जास्त चालू लागल्या, धुराचे निकष कडक होत गेले, २००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली. चार-स्ट्रोक चेतक काढून पाहिली, पण उपयोग झाला नाही. दशकाच्या मध्यास चेतकचे उत्पादन थांबले आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर व्यवसायातूनच बाहेर पडण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये नाव परतले, विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी. तिचे अंग पुन्हा पत्र्याचेच आहे, पुढचे चाक पुन्हा एकाच बाजूने धरलेले आहे. पण बॅटरी आणि नियंत्रकाचा बंद डबा गल्लीतला मिस्त्री उघडत नाही. सारखेपणाची जाहिरात करताना हा फरक कोणी सांगत नाही, आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो.

या इतिहासाची साधने आता रद्दीत निघाली आहेत : तारणाचे पासबुक, नंबर लावल्याची पावती, पंधरा वर्षांनी नूतनीकरण केलेले आरसी बुक, गॅरेजमधली हिशेबाची वही. साठी-सत्तरीतले मिस्त्री अजून बोलू शकतात. तुमच्या घरात यांपैकी काही असेल तर आधी त्याचे छायाचित्र काढा, तारीख नीट दिसेल असे. आणि घरातल्या थोरांना तीन गोष्टी विचारून उत्तरे खाली लिहा : नंबर कोणत्या साली लावला, गाडी कोणत्या साली आली, आणि मधल्या वर्षांत कामावर कशाने जात होतात?