दंतवैद्यक ही ‘हुकलेल्यांची’ वाट नव्हे

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आमच्या दवाखान्यात काही मंडळी अशी येतात की ज्यांचा दात दुखत नसतो. वडिलांच्या हातात गुणपत्रक, शेजारी खाली मान घालून बसलेली मुलगी. प्रश्न ठरलेला असतो. ‘‘डॉक्टरसाहेब, एम.बी.बी.एस. थोडक्यात हुकलं. आता हिला डेंटलला टाकावं का?’’ मी मुलीला विचारतो, ‘‘बाळ, तुझं काय म्हणणं?’’ उत्तर बहुधा वडीलच देतात!

वाचकहो, या एका ‘टाकावं का’ने मुलांचे फार नुकसान होते. दंतवैद्यकाचा निर्णय निकालानंतरच्या आठ दिवसांत घाईने घ्यायचा नसतो. तो दहावीनंतर, शांतपणे व मुलांना विचारून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम वाट समजून घेऊ. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र हवेच. ‘नुसते गणित ठेवू, पुढचे पुढे पाहू’ म्हणून जीवशास्त्र सोडणाऱ्याने हे दार स्वतःच लावून घेतलेले असते. नीट परीक्षेत 720 पैकी निम्मे, म्हणजे 360 गुण जीवशास्त्राचे असतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. तथापि पुढचे शिक्षण इंग्रजीतून असते, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासूनच इंग्रजी पाठ्यपुस्तके वाचण्याची सवय लावावी. बी.डी.एस.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा व त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे एकूण पाच वर्षे. एम.डी.एस. करायचे तर आणखी प्रवेश परीक्षा व तीन वर्षे.

‘दातांचे डॉक्टर म्हणजे नुसते दात काढणारे’ हा समजही सोडून द्यावा. या विद्यार्थ्यांना संपूर्ण शरीराची रचना, औषधशास्त्र, सामान्य वैद्यक व शल्यचिकित्सा शिकावी लागते. ते योग्यच आहे. मधुमेही माणसाच्या हिरड्या किंवा रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्याची दाढ या गोष्टी नुसता दात पाहून हाताळता येत नाहीत.

मात्र येथे डोक्याइतकेच हातालाही महत्त्व आहे. पहिल्या वर्षापासून मेणाच्या ठोकळ्यातून हुबेहूब दात कोरावे लागतात. पुढे छोट्या आरशात उलटे दिसणारे प्रतिबिंब पाहून काम करायचे असते. चित्रकला, शिवण, रांगोळी, जुन्या घड्याळाची खोलजोड, अशा बारीक कामात ज्याचा जीव रमतो त्याला हे आवडते. तासन्‌तास वाकून काम केल्याने मान व पाठ धरते, हेही आधी सांगितलेले बरे. म्हणून माझा सल्ला असा की, अकरावीच्या सुट्टीत मुलाने गावातल्या एखाद्या दंतवैद्याची परवानगी घेऊन चार दिवस दवाखान्यात नुसते बसावे. रक्त, लाळ, दुर्गंधी व रडणारी मुले पाहूनही पाचव्या दिवशी जावेसे वाटले, तर निम्मा निर्णय झाला!

आता पैशाचे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तेथे शुल्क कमी, परंतु जागा मोजक्या. खासगी महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते व ते कोणालाही पाहता येते. नीट दिल्याखेरीज कुठेही प्रवेश नाही, संस्थास्तरावरील जागांनाही नाही. देणगी घेण्यास राज्यात 1987 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा निकालानंतर ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये. आणखी एक हिशेब पालक विसरतात. पदवी हाती आली की खर्च संपत नाही. खुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र, उपकरणे निर्जंतुक करण्याचे यंत्र, दवाखान्याची जागा हे सारे लागते, आणि पहिली काही वर्षे रुग्ण हळूहळूच येतात. शेत विकून शुल्क भरण्याआधी हा पुढचा आकडाही कागदावर मांडावा. दवाखाना हाच एक मार्ग नव्हे. ज्येष्ठ दंतवैद्याकडे काही वर्षे काम करणे, शासकीय रुग्णालय, अध्यापन, सैन्यदलाची दंतवैद्यकीय शाखा हेही मार्ग आहेत. पाच वर्षे व एवढा खर्च झेपणार नसेल तर कवळ्या व कृत्रिम दात तयार करणाऱ्या दंत तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही सन्मानाचा आहे.

मग एवढे करून या वाटेला का जावे? आपल्या तालुक्यातल्या माणसांची तोंडे उघडून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. आयाबाया मिश्री लावतात. ऐन पंचविशीतल्या तरुणांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही. भारतातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे आणि त्याची पहिली खूण, गालाच्या आतला पांढरा चट्टा, पुष्कळदा दंतवैद्यालाच आधी दिसते. तो वेळीच दिसला तर माणूस वाचतो. हे काम ‘हुकलेल्या’ माणसाचे नव्हे, मनापासून आलेल्याचे आहे.

तेव्हा पालकांनो, यंदा निकालाची वाट न पाहता आजच मुलामुलींना जवळ बसवा व एवढेच विचारा, ‘‘तुला हे काम आवडेल का?’’ आणि उत्तर मात्र त्यांनाच देऊ द्या.