दोन देशांतला दुवा

८ जुलै १९१०. फर्ग्युसनमध्ये शिकलेले सावरकर मार्सेलिस बंदरात 'मोरिया' बोटीतून उडी टाकून फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले. फ्रेंच पोलिसाने त्यांना काही मिनिटांतच ब्रिटिशांच्या हवाली केले. न्यायाधीश नाही, सुनावणी नाही! हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी यात अनियमितता झाल्याचे मान्य केले. पण कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निकाल दिला.

याउलट मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा. भारताने त्याची मागणी केली. अमेरिकन न्यायालयांच्या पायऱ्या संपल्यावर १० एप्रिल २०२५ रोजी तो दिल्लीत आणला गेला. मृतांच्या आप्तांना ही वाट किती जड गेली असेल!

तरीही मला दुसरा मार्गच मान्य आहे. मात्र दिरंगाई घटली पाहिजे. त्यासाठी दोन्हीकडचे कायदे जाणणारा, मराठी पंचनाम्याचा अर्थ परक्या न्यायालयाला नेमका समजावणारा अधिकारी वकिलातीत हवा. आमच्या गावी कचेरीचा कागद वाचून सांगणारा कोणी नसला, की खरी बाजूही हरते. राष्ट्रांचेही तसेच आहे. मित्रहो, हे काम केवळ वकिलांचे नाही. भाषा शिकणाऱ्या आपलेही आहे.