पेव भरले कुणी, उपसले कुणी?



ज्वारीच्या पेवाचा नियम आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. सुगीत भरायचे, तोंड लिंपायचे, टंचाईतच उघडायचे. सरकारी तिजोरीचाही नियम हाच असायला हवा.

दक्षिण अमेरिकेतल्या चिलीची भिस्त तांब्यावर, जशी आपली कापसावर. 2001 साली तिथे नियम झाला : सरकारी खर्च आजच्या भावावर बेतायचा नाही, स्वतंत्र तज्ज्ञांनी काढलेल्या लांब मुदतीच्या भावावर बेतायचा. तेजीतला वरचा पैसा शिलकीत. 2006 मध्ये कायद्याने त्यासाठी निधी झाला. तांबे तेजीत असताना ‘पैसा दाबून का बसलात’ म्हणून अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांच्यावर टीकेची झोड उठली. ते हलले नाहीत. जुलै 2008 मध्ये पौंडाला 4 डॉलरच्या आसपास असलेले तांबे डिसेंबरात दीड डॉलरच्या खाली घसरले. तेव्हा निधीत सुमारे 20 अब्ज डॉलर होते. 2009 मध्ये त्यातले सुमारे 9 अब्ज काढले. गरीब कुटुंबांना प्रत्येक अवलंबितामागे 40 हजार पेसो रोख मिळाले.

तिथेही सारे गोडच नाही. कोरोनाच्या 2020-21 मध्ये हाच निधी इतका उपसला गेला, की तळ दिसू लागला. उपसणे सोपे, पुन्हा भरणे कठीण.

आता आपल्याकडे पाहा. 2019 साली मंदीची चाहूल लागली. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने केंद्राला 1 लाख 76 हजार कोटी रुपये दिले. त्यातले 52,637 कोटी जादा ठरवलेल्या राखीव तरतुदींतले. पुढच्याच महिन्यात कंपन्यांवरचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आला. सरकारनेच सांगितले, यात वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचे उत्पन्न सोडले. रिझर्व्ह बँकेचा पैसा सरसकट तिजोरीत मिसळला. तो नेमका कुठे गेला याचे वेगळे खाते नाही. म्हणूनच विचारायचे : राखीव उघडली, तेव्हा मंदीत भरडलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

आपल्या नावाने निधी नव्हते असे नाही. कापूस एकाधिकार खरेदीत भाव चढउतार निधी होता. पण भाव ठरवणारा आणि निधी राखणारा हात एकच, तोही मतांवर डोळा ठेवणारा. निधी आटला, योजना तोट्यात बुडाली. केंद्राने 2014-15 मध्ये भाव स्थिरीकरण निधी काढला. त्यातून कांदा आणि तूर खरेदी होते, हे खरे. पण भाव चढला की तोच साठा बाजारात ओतून भाव पाडला जातो. स्थिर होतो तो गिऱ्हाइकाचा भाव.

तेव्हा जिल्हा बैठकीत निधीची मागणी करताना तीन गोष्टी लिहून मागा : पेव कोणत्या वर्षी भरायचे, कोणत्या भावाला उघडायचे, आणि आतले धान्य कुणाच्या ताटात पडायचे. शिवाय हिशेब दरवर्षी गावच्या फळ्यावर लागला पाहिजे. किल्ली एकट्या मंत्र्याच्या कनवटीला असेल, तर ते पेव आपले नाही.