तपासणीचा खर्च कोणाचा?

भाड्याच्या घरातील मालकाची गॅस-उपकरणे दरवर्षी अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून त्याचा दाखला २८ दिवसांत भाडेकरूच्या हाती देणे, हे ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांनुसार घरमालकाचे कर्तव्य आहे. विजेची पंचवार्षिक तपासणी मात्र इंग्लंडमधील खासगी भाडेकरूंच्या पदरात २०२० साली पडली. मालकवर्गाच्या राज्यात जाग उशिराच येते! तरीही भाडे घेणाऱ्याने जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व मोलाचे आहे.

आपल्या चाळींत गॅसची नळी भाडेकरूची. ती पाच वर्षांनी त्याने बदललीच पाहिजे. परंतु भिंतीतील जुनाट वायरिंग, नसलेले अर्थिंग मालकाचे. आग लागली की दोष मात्र भाडेकरूच्या निष्काळजीपणाचा! चाळसमित्यांनी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासणी करवून अहवाल, बिलासकट, मालकापुढे ठेवावा.