एका माणसाला उडवणाऱ्या यंत्रांच्या स्पर्धा: गुणपत्रिका उघडी हवी, हे महाड-पोलादपूरला का कळायला हवं?

जुलै २०२१ मधल्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तिथेच उगम पावणारी सावित्री ते पाणी घेऊन पोलादपूरवरून खाली आली आणि महाड बुडालं. २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. रस्ते पाण्याखाली, फोन बंद. बचाव पथकं दुसऱ्या दिवशी पोहोचली. तोवर ग्रामस्थच हाताला मिळेल त्याने ढिगारा उपसत होते.

अशा भागात एखादा माणूस पाठीवर यंत्र बांधून किंवा मोटारसायकलसारख्या उडत्या वाहनावर बसून टेकडी ओलांडतोय, असा व्हिडीओ मोबाइलवर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे आपल्याकडे कधी येणार? तो प्रश्न रास्तच आहे. वरच्या वाड्यांमधून आजही आजारी माणसाला डोलीतून खाली आणावं लागतं. पण व्हिडीओच्या कोपऱ्यात 'आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील विजेता' असं लिहिलेलं असेल, तर त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. काय मोजलं, कुणी मोजलं आणि ते आकडे कुठे पाहायला मिळतील?

दहा लाख डॉलरचं बक्षीस कुणालाच का मिळालं नाही?

या क्षेत्रातली सगळ्यात गाजलेली स्पर्धा म्हणजे 'गोफ्लाय'. बोइंग कंपनीच्या पाठबळावर २०१७ मध्ये ती जाहीर झाली. एकूण बक्षिसं २० लाख डॉलरहून अधिक. आव्हान सांगायला सोपं होतं. एका माणसाला घेऊन, मध्ये इंधन न भरता किंवा चार्जिंग न करता २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर उडायचं. महाडहून पोलादपूरला जाऊन अर्ध्याहून अधिक वाट परत येण्याएवढं हे अंतर आहे. यंत्र जागच्या जागी किंवा जवळपास तसंच वर उठलं पाहिजे, कोणत्याही दिशेने साडेआठ फुटांपेक्षा मोठं नको आणि आवाजही मर्यादेत हवा.

शंभरावर देशांतून आठशेहून अधिक संघ उतरले. २०१८ मध्ये पहिल्या टप्प्यात दहा संघांना प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले, २०१९ मध्ये दुसऱ्या टप्प्यात पाच संघांना प्रत्येकी ५० हजार. अंतिम फेरी फेब्रुवारी २०२० च्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या मॉफेट विमानतळावर झाली. तिथे दहा लाख डॉलरचं मुख्य बक्षीस कोणत्याच संघाला मिळालं नाही. नव्या वाटेच्या तंत्रज्ञानासाठी ठेवलेलं एक लाख डॉलरचं वेगळं बक्षीस मात्र जपानच्या 'टेट्रा' संघाला देण्यात आलं.

यात काही गैर झालं असं म्हणण्याचं कारण नाही. उलट, कुणी निकष पूर्ण केले नाहीत तर कोट्यवधींचं बक्षीस राखून ठेवणं हे आयोजकांच्या बाजूने जमा धरायला हवं. 'एवढा खर्च झालाय, कुणाला तरी देऊन टाका' हा मोह कॉलेजच्या गॅदरिंगपासून सरकारी हॅकेथॉनपर्यंत सगळीकडे असतो.

तरी एक फरक लक्षात घ्यायला हवा. मुख्य बक्षीस मोजमापावर ठरणार होतं. आकार, आवाज आणि वेग यांचे गुण एकत्र करून क्रम लागणार होता. टेट्राला मिळालेलं बक्षीस परीक्षकांच्या पसंतीचं होतं. पहिल्या टप्प्यातले दहा विजेतेही कागदावरच्या आराखड्यांवरून निवडलेले. मीटरने दिलेला निकाल बाहेरचा माणूस पुन्हा तपासू शकतो. तज्ज्ञांच्या मताने दिलेला निकाल तपासायचा तर त्या मतामागची कारणं लेखी आणि उघड असावी लागतात. माहितीपत्रकावर मात्र दोन्हींसाठी एकच शब्द छापला जातो: विजेता.

नियम बदलला की विजेता बदलतो, तो कसा?

साडेआठ फुटांची अट पाहा. वरवर ती फक्त पार्किंगची सोय वाटते. पण पात्यांचा व्यास निम्मा केला, तर तेवढंच वजन अधांतरी धरून ठेवायला सैद्धांतिक हिशेबाने दुप्पट शक्ती लागते. शक्ती वाढली की बॅटरी किंवा इंधन वाढतं, त्याचं वजन वाढतं, ते पेलायला पुन्हा शक्ती. लहान पात्यांना जोरात फिरावं लागतं, म्हणून आवाजही वाढतो. म्हणजे 'लहान', 'शांत' आणि 'लांब जाणारं' या तीन मागण्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. कोणत्या मागणीला किती गुण, हे ठरवणारा माणूस कोणत्या प्रकारचं यंत्र पुढे येणार हेही बऱ्याच अंशी ठरवतो. म्हणून हे गुण स्पर्धेच्या आधी जाहीर व्हायला हवेत. मध्येच एखाद्या संघाला सूट दिली, तर ती त्याच दिवशी सगळ्यांना कळायला हवी.

याचं जुनं आणि चांगलं उदाहरण आहे क्रेमर पारितोषिक. उद्योजक हेन्री क्रेमर यांनी १९५९ मध्ये फक्त माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी ५ हजार पौंड ठेवले. अर्ध्या मैलावर दोन खुणा, त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फेरी, सुरुवातीला आणि शेवटी दहा फुटांची उंची. लहान मूलही शेजारी उभं राहून हो की नाही सांगू शकेल असा नियम. आधी स्पर्धा ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या लोकांपुरती होती. १९७३ मध्ये ती जगाला खुली झाली आणि रक्कम ५० हजार पौंडांवर गेली. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट १९७७ रोजी, अमेरिकेच्या पॉल मॅकक्रेडी यांच्या 'गॉसमर काँडर'ने ती जिंकली. दार उघडल्यावर उत्तर बाहेरून आलं.

सिकॉर्स्की पारितोषिकाची गोष्टही तशीच. माणसाने पायडल मारून चालवलेलं हेलिकॉप्टर ६० सेकंद हवेत राहावं, तीन मीटर उंची गाठावी आणि दहा मीटरच्या चौकोनाबाहेर सरकू नये. १९८० पासून ते कुणाला जमलं नव्हतं. १३ जून २०१३ रोजी कॅनडाच्या एरोव्हेलो संघाचं यंत्र ६४ सेकंद उडालं, ३.३ मीटर वर गेलं आणि ९.८ मीटर सरकलं. अवघ्या २० सेंटीमीटरचं अंतर राखून! तरी बक्षीस त्याच दिवशी दिलं नाही. नोंदी आणि चित्रीकरण तपासल्यावर जुलैमध्ये निकाल जाहीर झाला. आज बारा वर्षांनंतरही कुणी त्यावर बोट ठेवत नाही, कारण आकडे समोर आहेत.

मराठी माणसाला याची उलट बाजू चांगली माहीत आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. किती उंच, किती वेळ, कुणाच्या समोर, याची तपासता येईल अशी त्या वेळची नोंद नाही. त्यामुळे अभिमानही टिकून आहे आणि वादही.

महाराष्ट्रात याची किंमत कुणी मोजली?

१० ऑगस्ट २०२१ च्या रात्री, तळियेच्या दुर्घटनेला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत २४ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. वेल्डिंगचं काम करणाऱ्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या या मुलाने घरच्या घरी एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं. चाचणी सुरू असताना पातं तुटलं आणि डोक्याला मार बसला.

तेव्हा समाजमाध्यमांवर हळहळ झाली, 'रँचो' म्हणून कौतुकही झालं. पण अशा मुलाला आपलं यंत्र घेऊन जाता येईल अशी जागा कुठे होती? माणूस बसवण्याआधी ९० किलोचा पुतळा बसवा, यंत्र जमिनीला दोरांनी बांधून चालवा, पात्यांभोवती जाळी लावा, बघणारे लांब ठेवा, हे सांगणारा निरीक्षक नीट चालवलेल्या स्पर्धेत असतो. पदवीची अट, इंग्रजी अर्ज आणि भरमसाट प्रवेश शुल्क यांच्यामुळे फुलसावंगीसारखी मुलं दाराबाहेर राहतात. स्पर्धा न्याय्य आहे का, हे पाहताना निकालाआधी प्रवेशाचा अर्ज वाचावा.

मग महाड-पोलादपूरने काय मागायचं?

सगळ्यात आधी, नापास झालेल्यांची नोंद. कोणतं यंत्र किती वाऱ्यात डगमगलं, कोणाची बॅटरी कितव्या मिनिटाला संपली, पावसात कोण उठलंच नाही, हे छापलं गेलं पाहिजे. आयोजकांना ते नको असतं, प्रायोजकांना तर नकोच. पण जिल्हा आपत्ती व्यवस्थापनासाठी विजेत्याच्या ट्रॉफीपेक्षा ही यादी कामाची आहे. कोरड्या, सपाट धावपट्टीवर पहिलं आलेलं यंत्र वरंध किंवा आंबेनळी घाटात जुलैच्या धुक्यात चालेल, असं त्या ट्रॉफीवर कुठेच लिहिलेलं नसतं. उद्या कुणी ते विकायला आलं, तर चाचणीचा कागद मागावा. नसेल तर चहा पाजून परत पाठवावं.

आपत्तीचं काम डोळ्यांसमोर ठेवून भारतातही स्पर्धा झाली आहे. हवाई दलाने २०१८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या नावाने 'मेहर बाबा' स्पर्धा जाहीर केली. विषय होता आपत्तीत मदत पोहोचवणारा ड्रोनचा थवा. सावित्रीच्या खोऱ्यासाठी माणूस उडवण्यापेक्षा औषधं, दोर आणि रेडिओ घेऊन जाणारं विनाचालक यंत्रच आधी उपयोगी पडेल. ते पडलं तर नुकसान यंत्राचं होतं.

सरकारी संस्थेने घेतलेल्या स्पर्धेत आपले गुण मागण्यासाठी माहिती अधिकार कायदा २००५ आहे. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. स्पर्धेची गुणपत्रिका मागतानाही हाच दाखला देता येईल. खासगी कंपनीच्या स्पर्धेला हा कायदा थेट लागू होत नाही. तिथे जे काही मिळायचं ते नियमावलीत आधीच लिहिलेलं असावं लागतं.

लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा आसपासच्या कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. ड्रोन नियम २०२१ फक्त विनाचालक यंत्रांसाठी आहेत. संशोधनासाठी शैक्षणिक संस्थेला ग्रीन झोनमध्ये, स्वतःच्या आवारात बऱ्याच परवानग्यांतून सूट मिळते. माणूस बसला की मामला बदलतो आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जावं लागतं. स्पर्धेचं शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांना ईमेलवर चार गोष्टी विचारून उत्तर जपून ठेवा: गुणांचा तक्ता कधी जाहीर होणार, परीक्षकांपैकी कुणाचा एखाद्या संघाशी किंवा प्रायोजकाशी संबंध आहे का, आराखड्याची मालकी कुणाची राहणार आणि चाचणीत अपघात झाला तर विमा कोण भरणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर शुल्क भरू नका.