आचरटपणातलं विज्ञान

सुट्टी लागली की घरोघरी एकच गाऱ्हाणं. मोरीत साबणाच्या पाण्यात हळद कालवलेली, काड्यापेट्या रिकाम्या केलेल्या! "काय हा आचरटपणा," असं आपण म्हणतो. पण या आचरटपणालाच पुस्तकात मानाचं पान देणारे गृहस्थ आहेत बरं का. त्यांचं नाव अरविंद गुप्ता.

कानपूरच्या आय.आय.टी.चे हे इंजिनिअर पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली वर्षाची रजा काढून ते होशंगाबादला, खेड्यांतल्या शाळांच्या विज्ञानाच्या कामाला गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी मिळाली. ती नळी आणि आगकाड्या, एवढ्यावर त्यांचं पहिलं पुस्तक उभं राहिलं, 'मॅचस्टिक मॉडेल्स'. चित्रं भरपूर, मजकूर बेताचा. पुढे २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आकृत्या काढून समजावणं आम्हा अंबाजोगाईकरांना नवं नाही म्हणा. दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी भल्यामोठ्या पासोडीवर आकृत्यांसह पंचीकरण लिहिलं, ती इथे अजून जपलेली आहे.

आता कृती. सायकलच्या दुकानातून हातभर वालट्यूब आणा, तिचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. काड्यांचे गुल मात्र तुम्ही स्वतः खरवडून काढा. एकेका तुकड्यात दोन्हीकडून काडी खुपसत चार काड्यांचा चौकोन करायला सांगा, मग तीन काड्यांचा त्रिकोण. दाबण्याआधी विचारा, "कोण मोडेल?" चौकोन लगेच तिरपा होऊन लोळण घेतो. त्रिकोण जागचा हलत नाही! मग मुलांना पत्र्याच्या छपराची कैची दाखवा, विजेचा मनोरा दाखवा. त्रिकोण मोजता मोजता थकतील.

हळदीचंही तसंच. कागदावर ओली हळद चोळून वाळवा. कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढलं की ते लालभडक उमटतं. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे आपण रोज पाहतो. विचारत कुठे असतो?

तुम्ही म्हणाल, एवढा पसारा कशासाठी? मी अर्धवेळ शिकवते, म्हणून सांगते. व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलं वर्गात पुष्कळ असतात. पण "तुला काय वाटतं?" विचारलं की सगळे खाली बघतात. चुकलं तर हसतील, ही धास्ती. असल्या वेड्या खेळात मात्र चुकलेलंच जास्त हसवतं, आणि हसता हसता मूल पुन्हा अंदाज बांधतं. म्हणून उत्तर लगेच सांगू नका. जरा वाट पाहा.

दोन पथ्यं पाळा. विस्तव आणि वीज या खेळात नको. आणि मुलाने प्रयोग करायचा, मुलीने पसारा आवरायचा, ही वाटणीही नको. काड्या दोघांना सारख्या द्या, केरसुणीसुद्धा!