आमच्या खड्ड्यांना पॅरिस–रुबे म्हणू नका

दर एप्रिलला आमच्या ऑफिसच्या सायकल ग्रुपवर एकच विनोद फिरतो. पॅरिस–रुबे शर्यतीतल्या चिखलाने माखलेल्या सायकलपटूचा फोटो आणि खाली ओळ : 'याला फुलंब्रीला पाठवा, तिथे बाराही महिने रुबे.' मी फुलंब्रीचा, म्हणून टॅग मलाच. दोन वर्षं हसलो. आता नाही हसू येत.

ही फ्रान्समधली एक दिवसाची व्यावसायिक शर्यत १८९६ पासूनची. अंतर साधारण २६० किलोमीटर, त्यातले पन्नासेक किलोमीटर शेतांमधल्या जुन्या दगडी रस्त्यांवरून. जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून तसलाच एक दगड मिळतो. १९१९ मध्ये, महायुद्धाने उद्ध्वस्त झालेला तो मुलूख पाहून तिला 'उत्तरेचा नरक' हे नाव पडलं.

फोटो पाहून वाटतं, या रस्त्यांकडे कुणी बघतच नसेल. खरं तर उलट आहे. डांबराखाली हे दगड नाहीसे व्हायला लागले, तेव्हा शर्यतीच्या चाहत्यांनी संघटना काढली. हे लोक निखळलेले दगड पुन्हा बसवतात, चिखल काढतात. शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद असतो, मागे डॉक्टर आणि मेकॅनिकच्या गाड्या असतात. तिथला खडतरपणा जपलेला आहे. आपला खड्डा नुसता सोडून दिलेला आहे. दोघांना एका ओळीत बसवलं की खड्डा ठेवणारा सुटतो.

संभाजीनगरहून चौका घाटातून फुलंब्रीत येणारा आमचा रस्ता पुढे सिल्लोड, अजिंठ्याकडे जातो. रुंदीकरणासाठी तो उकरला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला. बातम्या यायच्या त्या लेण्या बघायला निघालेल्या पाहुण्यांच्या हालांच्या. त्याच रस्त्याने माझी धाकटी बहीण सायकलवर शाळेत जायची. साइडपट्टी नव्हतीच, डांबराची कड वीतभर उंच. एकदा ट्रकने कट मारला, ती कडेवरून खाली खडीत पडली. गुडघा फुटला, बाकी वाचली. पप्पांनी त्याच आठवड्यात सायकल विकली. "एसटीनं जा," म्हणाले. तिला चढावर गाठणं मला कधी जमलं नव्हतं. आमच्या घरातली सायकलपटू तिथेच संपली.

"आता काँक्रीट झालंय की," असं कुणी म्हणेल. बरोबर. पण गाड्यांचा वेगही वाढला आणि सायकलवाला अजून कडेच्या मुरमातच आहे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले. शर्यत झाली याचा मला आनंदच आहे. पण पाहुणे येणार म्हणून घर सारवायचं आणि घरच्यांनी रोज धुळीत बसायचं, हे कुठवर? मुंबई–पुणे शर्यत तर कित्येक दशकं जुनी. बोरघाटात सगळ्यांच्या पुढे निघणाऱ्याला आपण 'घाटाचा राजा' म्हणतो. हा राजा सराव कुठे करतो, हे मात्र विचारत नाही.

शर्यत आमच्याकडेही हवी. वर्षातून एका रविवारी, सकाळी चार तास, तालुक्यातला वीस किलोमीटरचा फेरा बंद ठेवा. मुलामुलींना घरची, साधी सायकल घेऊन पळू द्या. पण त्याआधी उरलेल्या ३६४ दिवसांसाठी दोन्ही बाजूंनी पक्की, सलग साइडपट्टी द्या. आधी ती, मग झेंडा.

रुबेच्या वाटेवरचा सगळ्यात कुप्रसिद्ध टप्पा अँरेनबर्गच्या जंगलातला. १९६८ मध्ये तो शर्यतीत आला, सुचवला जाँ स्टॅब्लिन्स्की या सायकलपटूने. त्याच रस्त्याखालच्या खाणीत त्याने पूर्वी काम केलं होतं. रस्ता कसा आहे, हे त्यावर राबणाऱ्याला विचारावं. फुलंब्रीत ते दूधवाल्याला विचारा, शाळेतल्या पोरींना विचारा.

पुढच्या एप्रिलला मला टॅग करू नका. माझ्या बहिणीला करा. विनोद तिला कळतो का बघू.